खानेसुमारीतली सहावी ओळ

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते आहे. खोटं कशाला सांगू, वाचून हसायचेच जास्त. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरात आपोआप दिवा लागतो... मी आपलं मनात म्हणायची, वायरिंग बघा आधी. आमच्या जैनांच्यात देवऋषी, अंगारे-धुपारे मानायचे नसतात असं माझे वडील सांगायचे. मानणारे मानतातच की, पण मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरीपण जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला गोड लागायचं नाही म्हणून लिहिते आहे. आणि आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. लाज वाटण्यासारखं मात्र आहे, आणि ती लाज माझी आहे.

माझं वय बहात्तर. राहणार कोल्हापूर, शिवाजी पेठ. माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर कबनूरचं. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं वाचन मी किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर केलं, हे मी अभिमानानं सांगते. साठी उलटल्यावर आमच्या पेठेत मोडी लिपीचा फुकट वर्ग निघाला होता. पंचवीस जणांनी नाव घातलं, शेवटपर्यंत टिकलो आम्ही तिघं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठं तुटतो ते लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्यानंच ओळखायचं. मला ते जमलं. आता गल्लीतली, तालमीतली माणसं जुने कागद घेऊन येतात. "काकू, आमच्या पणज्याचं नाव सापडतंय का बघा की." मी चष्मा लावते आणि बसते.

आता मूळ गोष्ट. माझी नात श्रेया, मुलाची मुलगी. चोवीस वर्षांची आहे, घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. मागच्या दिवाळीत तिच्या उजव्या मनगटावर पांढरा ठिपका आला. महिन्याभरात दोन झाले, मग कोपराला एक. डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे. घाबरू नका, लागण होत नाही, औषधं आहेत. आणि विचारलं, "घराण्यात कुणाला होतं का आधी?"

माझी सून वैशाली पटकन म्हणाली, "नाही हो डॉक्टर. दोन्हीकडं कुणालाच नाही."

मी तिथंच होते, भिंतीकडच्या खुर्चीवर. मला माहीत होतं. आमच्या घरात कोड असलेली एक बाई होती आणि मी तिच्याबरोबर एका घरात दहा वर्षं राहिले होते. मी पर्स उघडली, रुमाल काढला, चष्मा पुसला. गप्प बसले.

गप्प का बसले ते विचारू नका. तिचं नाव न काढायची सवयच लागली होती. मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा तो चार वर्षांचा, त्याला आठवतही नाही.

त्या दिवसापासून श्रेयानं उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्या घातल्या. कुणी आलं की आतल्या खोलीत. स्थळं बघायची बोलणी चालू होती, ती वैशालीनं हळूच थांबवली. एकदा मी श्रेयाच्या डोक्याला तेल लावत होते, तर ती म्हणाली, "आज्जी, डॉक्टर म्हणतात फॅमिलीत बऱ्याचदा असतं. मग आपल्यात मीच पहिली का?"

मी म्हटलं, "मान खाली घाल जरा."

तेव्हापासून तिनं वंशावळीचा नाद घेतला. तिला वाटलं, कुठंतरी कुणीतरी असेल आणि कागदात सापडेल. इंटरनेटवर बघून मला सांगायची, परदेशात म्हणे जुन्या जनगणनेचे कागद उघडून बघता येतात. पणजोबाचं नाव, वय, धंदा, घरात कोण कोण, सगळं. "आपलंही असेलच ना आज्जी? आपल्याकडं पण कधीपासून जनगणना आहे."

मी म्हटलं, "चल, विचारू." आणि मनात म्हटलं, सापडायचं नाही. सापडू नये असंच वाटत होतं मला.

एका जुन्या दप्तराच्या ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती, उगाच त्यांना त्रास नको. तिथला क्लार्क पन्नाशीचा, तोंडात पान, आवाज चढा.

श्रेयानं विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, जनगणनेत नावाचे कागद ठेवत न्हाईत. मोजून झालं की ते गेले. ऱ्हातो निस्ता आकडा. गावात बापय इतके, बाया इतक्या. तुमचे पणजोबा त्या आकड्यात हायत, पण बाहेर काढायचे कसे?"

श्रेयाचं तोंड उतरलं. मला आतून सुटल्यासारखं झालं, आणि त्याचीही लाज वाटली.

"कुठलं गाव म्हणलासा?"

"कबनूर," श्रेया म्हणाली.

"थांबा. संस्थानच्या वेळची खानेसुमारी काही गावांची ऱ्हायली हाय. घरवार यादी. पण मोडीत हाय ती, वाचणार कोण?"

"ही आमची आज्जी वाचते," श्रेया म्हणाली. काय तो तिचा चेहरा. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

क्लार्कनं लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा आणला. त्यालाही रुमालच म्हणतात. "आज्जी, तोंडाला पदर लावा, धूळ लय हाय. आणि पान उलटताना जरा जपून, कागद पापडावाणी झालाय."

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मोठा हॉल, वर पंखे, शेजारच्या टेबलावर दोन माणसं त्यांच्या कामात. भरपूर उजेड. हे मुद्दाम लिहिते, कारण अंधार, वादळ असलं काहीही नव्हतं.

पाऊण तासानं आमचं घर सापडलं. श्रेया वही उघडून बसली. मी वाचायचं, तिनं लिहायचं, असं ठरलं होतं. मी वाचत गेले. आप्पाण्णा बिन सातगोंडा, म्हणजे सातगोंडाचा मुलगा, उमर अडतीस. हे माझे आजेसासरे. खाली, आई, उमर साठ. नाव नाही, नुसतं 'आई'. मग बायको, उमर तीस. तिचंही नाव नाही. मग भाऊ बाळगोंडा, उमर तीस. मग मुलगा जिनगोंडा, उमर दहा. हे माझे सासरे. जन्मात पहिल्यांदा मी सासऱ्यांचं नाव मोठ्यानं घेतलं, आणि श्रेया हसली.

म्हणजे बघा, पुरुषांना नावं आणि बायका नात्यानं. तुम्ही कुणी घराण्यातल्या आज्या-पणज्या शोधत असाल तर हे लक्षात ठेवा. आई, बायको, सून, यापुढं कागद जात नाही. आणि कुठं नाव सापडलं तरी ते माहेरचं की लग्नात बदललेलं, ते कोण सांगणार?

तर अशी पाच माणसं. त्याखाली एकूण लिहिलं होतं, सहा.

मी परत मोजलं. नावं-नाती मिळून पाच. एकूण सहा. डोळ्यांपुढं अक्षरं जरा हलल्यासारखी झाली, पण ते उपाशीपोटी गेल्यामुळं असेल. मी बाटली काढून पाणी प्यायले आणि म्हटलं, "झालं. एवढंच आहे." श्रेया अजून लिहीत होती. मग तिनं परवानगी घेऊन त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि आम्ही उठलो.

दारात क्लार्क म्हणाला, "आज्जी, आवाज लय खणखणीत हाय तुमचा. शेवटच्या बाईचं तर सगळ्या हॉलला ऐकू गेलं."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. शेवटी बाई कुठं होती? शेवटी तर सासऱ्यांचं नाव होतं.

घरी येऊन जेवलो. श्रेया वही घेऊन माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "आज्जी, ही सोनाबाई कोण?"

मी आडवी झाले होते, ती उठून बसले.

"कोण सोनाबाई?"

"तूच वाचलंस ना. सहावी. बाकीच्या बायकांची नावं नाहीत, हिचं एकटीचं सगळं लिहिलंय."

तिनं वही पुढं केली. तिचं ते गोल गोल अक्षर, निळं पेन. पाच ओळी मी सांगितलेल्या. आणि सहावी:

सोनाबाई, भ्रतार नेमगोंडा, विधवा, उमर पासष्ट, राहणार भावाचे घरी, अंगावर कोड. सांगणार खुद्द.

मध्ये नवऱ्याच्या गावाचंही नाव होतं. ते इथं लिहीत नाही. त्या घरातली माणसं आहेत अजून.

मी म्हटलं, "हे मी नाही सांगितलं."

"आज्जी, असं काय करतेस? तू थांबून थांबून वाचलंस. कबनूरच्या बोलीत वाचायला लागलीस म्हणून मला गंमत वाटली. मी म्हटलं पण, जरा हळू. 'खुद्द' म्हणजे काय ते मी तुला मध्ये विचारलं, तर तू पुन्हा तेच वाचलंस."

"त्या पानाचा फोटो दाखव."

तिनं मोबाईलवर तो फोटो उघडला. मोठा करून बघितला. पाच ओळी. एकूण सहा. सहावी ओळ कुठं नाहीच. पुढल्या आठवड्यात आमच्या मोडीच्या सरांना दाखवला, काही न सांगता. त्यांनीही पाच वाचल्या. म्हणाले, "बेरीज चुकलीय लिहिणाऱ्याची. नाहीतर तान्ही पोर असेल, नाव-वय घातलं नसेल. असं चालायचं तेव्हा."

आणि तसंच असेलही. सोनाक्का त्या साली तान्ही असणार. पासष्टची नव्हे.

आता सोनाक्का कोण ते सांगते.

सोनाक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लहानपणी लग्न झालेलं, वर्षाच्या आत नवरा वारला, तिला माहेरी आणून सोडलं. मग तिच्या अंगावर कोड उठलं, हातावर, मानेवर, तोंडावर. मी लग्न होऊन आले तेव्हा ती मागच्या खोलीत असायची. आमचे चार माग होते, त्यांच्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, ती भरायची. दिवसभर तो चरखा आणि ती. पाहुणे आले की खोलीचं दार लोटायचं, हे घरात कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. सासरे होते तोवर तिचा जेवायला बसायचा पाट चुलीजवळ होता. ते गेले आणि पाटही मागं गेला.

एक्क्याऐंशी सालची जनगणना. शाळेतले गुरुजी घरोघर नावं लिहून घेत फिरत होते. सोनाक्काला ते कळलं.

"रत्ना, त्यो मास्तर समद्यांची नावं लिवतोय म्हणं?"

"व्हय की."

"बाईमाणसांची बी?"

"बाईमाणसांची बी."

"नवऱ्याचं बी इचारतोय?"

"इचारत असंल. मला सांगून ठेवा, मी सांगते त्यास्नी."

ती हसली. तोंडाला पदर लावून हसायची ती. म्हणाली, "तुला न्हाई सांगायची. त्यो सरकारचा माणूस, त्येला सांगीन. नाव घ्यायचं नसतंय, पर सरकारनं इचारल्यावर काय दोष न्हाई."

दोन दिवस तिचं तेच चाललं होतं. लुगडं धुऊन वाळत घातलं, घडी करून उशाखाली ठेवलं. मला विचारलं, वय किती सांगू? आम्ही दोघींनी बसून हिशेब लावला, सासऱ्यांच्या वयावरून. पासष्ट निघालं. "पासष्ट," ती दोनतीनदा म्हणाली, पाठ केल्यासारखं.

गुरुजी आमच्या दारात आले त्याच सकाळी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आलेले. सोप्यात गादीवर मंडळी, पोहे चाललेले. सासूबाई त्यांच्यात. नवरा मागावर. लिहितावाचता येणारी घरात मी, म्हणून गुरुजींना मी कट्ट्यावर बसवलं. पाहुणे हाताच्या अंतरावर. सगळं ऐकू जाणार.

"घरात माणसं किती?" गुरुजींनी विचारलं.

सासूबाईंनी आतून माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "पाच."

सासूबाई, मालक, मी, मुलगा, नणंद. गुरुजींनी लिहून घेतलं. "म्हातारं-कोतारं, अजून कुणी?" त्यांनी विचारलं, काम चोख होतं त्यांचं. मी म्हटलं, "कोण न्हाई."

ते गेल्यावर मी मागं गेले. दाराला बाहेरून कडी होती. ती मीच लावली होती, पाहुणे यायच्या आधी. काढली. सोनाक्का घडी मोडलेलं लुगडं नेसून दाराला लागूनच उभी होती. ती वळली आणि चरख्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायचं आमच्यात, मी सहा ताटं मांडली. तिनं आपलं ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. "पाचच की गं. तूच सांगिटलंस."

एवढंच. रागानं नाही. शेजारणीला हिशेब समजावून सांगावा तसं. मग जेवली ती, मी हातापाया पडल्यावर. त्यानंतर दोन वर्षं होती. नणंदेचं लग्न झालं, चांगलं झालं. सोनाक्का एका दुपारी कांडी भरता भरता गेली. तो विषय परत निघाला नाही.

नवऱ्याचं नाव तिनं कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना माहीत नव्हतं, मालकांना नव्हतं. "शिरोळकडं दिली होती" एवढंच घरात बोलायचे.

हे सगळं मी श्रेयाला त्या दिवशी नाही सांगितलं. म्हटलं ना, गप्प बसायची सवय. मी म्हटलं, मी दमले होते, काहीतरी बरळले असेन, ती ओळ खोडून टाक. तिनं खोडली नाही. मुलाला वही दाखवली. माझा मुलगा संजय, व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "आईनं लहानपणी ऐकलेलं असेल कुठंतरी, आलं बाहेर. आणि एवढं काय, ते गाव काही लांब नाही. जाऊन विचारू."

मी नको नको म्हणत होते. रविवारी गाडी काढली त्यानं.

त्या गावात बस्तीजवळ, म्हणजे आमच्या जैन मंदिराजवळ, विचारत विचारत एका घरी पोचलो. अंगणात एक आज्जी शेंगा फोडत बसलेल्या. नव्वदीच्या असतील, पण कानानं पक्क्या.

"या पावणं. कुठलं?"

"कोल्हापूरचं. मूळ कबनूर."

संजयनं विचारलं, तुमच्यात कुणी नेमगोंडा होते का, फार पूर्वी.

त्यांचा हात थांबला. "नेमू? आमच्या मामंजींचा थोरला भाऊ त्यो. बारकेपणीच हिरीत पडून गेला म्हणं. मी न्हाई बघिटलं, ऐकलंय. त्येचं नाव तुमास्नी कुणी सांगिटलं? आमच्यातबी आता कुणाला ठावं न्हाई."

संजयनं आणि श्रेयानं माझ्याकडं बघितलं.

त्याच म्हणाल्या, "त्येची बायकू कबनूरचीच की. पोरसवदा हुती. परत धाडली तिला. आमच्या मामी म्हणायच्या, गाडीत बसताना ती इचारत हुती, मी परत कवा यायचं म्हणून." मग माझ्याकडं बघून, "तुमी कोण तिच्या?"

मी म्हटलं, "भाच्याची बायको."

"बरं सांभाळलासा न्हवं तिला?"

पंचेचाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. बघा, तिथंही खोटंच.

परत येताना गाडीत मी श्रेयाला सगळं सांगितलं. संजय गाडी चालवत होता, त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. डॉक्टरांसमोर मी चष्मा पुसत बसले तेही सांगितलं.

श्रेयानं तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाली, "आठ महिने, आज्जी. आठ महिने मला वाटतंय मी एकटीच."

"चुकलं माझं."

"मी तुला किती वेळा विचारलं."

"व्हय."

हातकणंगले मागं गेल्यावर ती म्हणाली, "कुठून सुरू झालं होतं तिचं? माझं मनगटापासून. तिचं?"

मी आठवायला लागले. उजवा हात की डावा? मनगट की बोटं? ओठाला होतं का? डोळ्यांच्या कडेला? दहा वर्षं एका घरात. तिच्या हातची भाकरी... नाही, भाकरी तिला करू देत नव्हतो. तिनं भरलेल्या कांड्या मी उचलायची. आणि मला आठवेना. कारण मी कधी नीट बघितलंच नव्हतं. दिसलं की नजर काढून घ्यायची.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे मात्र खरं सांगितलं.

आता अजून एक लिहायचं राहिलं आहे. ते श्रेयालाही गाडीत सांगितलं नव्हतं. वर मी लिहिलं आहे की सासूबाईंनी आतून माझ्याकडं बघितलं. मागं जाऊन खोडणार होते, पण राहू दे, असंच राहू दे. पंचेचाळीस वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले, की त्यांनी खुणावलं, मी काय करणार, सून माणूस. खरं सांगायचं तर सासूबाई पाहुण्यांना चहा ओतत होत्या. त्यांची पाठ होती माझ्याकडं. मला कुणी खुणावलं नाही. गुरुजींनी विचारलं आणि मी सांगितलं. कुणी विचारायच्या आधीच मी कडी लावली होती आणि कुणी सांगायच्या आधीच मी पाच म्हटलं होतं.

गुरुजींचा तो कागद तर कधीच गेला. क्लार्क म्हणाला तसं, राहतो तो आकडा. कबनूरच्या त्या सालच्या आकड्यात बायका जितक्या लिहिल्या आहेत त्यापेक्षा एक जास्त होती, हे आता फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. तो दुरुस्त करता येत नाही. मी विचारून बघितलं.

याचा अर्थ काय लावायचा? संजय म्हणतो, तुझ्या मनातलंच तोंडावाटे आलं. बरं, वय पासष्ट माझ्या मनात होतं, कोड होतं, हे मान्य. पण नेमगोंडा कुठं होतं? ते गाव कुठं होतं? संजय म्हणतो, तिनं कधी सांगितलं असेल तुला, तू विसरलीस. तसं असतं तर बरंच झालं असतं, म्हणजे मला एकदा तरी तिनं जवळची मानली असती. पण तसं नाही. मला आठवतं ना ते, "तुला न्हाई सांगायची."

त्या ऑफिसात मी परत एकदा गेले होते, एकटीच. तो क्लार्क ओळखीचं हसला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी शेवटी मी काय वाचलं, आठवतंय का? तो म्हणाला, "नाव काय ध्यानात न्हाई, आज्जी. पण खुद्द म्हणलासा ते ऐकलं. आमच्या साहेबांनीबी मान वर करून बघिटलं."

मी ते पान परत मागवलं नाही. धाडस झालं नाही असं म्हणा.

श्रेयानं घराण्याचा मोठा तक्ता केला आहे, हॉलमध्ये लावला आहे. सोनाबाईच्या चौकोनाशेजारी नेमगोंडाचा चौकोन. वैशालीनं तीन दिवस तोंड फुगवलं. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार ते," म्हणाली. श्रेया म्हणाली, "दिसू दे." डॉक्टरांनाही तिनं स्वतःच सांगितलं, माझ्या पणजोबांच्या बहिणीला होतं. माझ्याशी ती बोलते, पण पूर्वीसारखं तेल लावायला येऊन बसत नाही. बसेल कदाचित. मी तेलाची बाटली भरून ठेवली आहे.

परवा नव्या जनगणनेच्या घरयादीचे लोक येऊन गेले. आता सगळं मोबाईलवर असतं. एक मास्तरीण बाई, घामेघूम झालेली. मी कट्ट्यावर खुर्ची दिली. आतून श्रेया पाण्याचा तांब्या घेऊन आली. अर्ध्या बाहीचा ड्रेस, दोन्ही हात उघडे. बाईंनी बघितलं, पाणी घेतलं, आणि मोबाईलवर बोट ठेवून मला विचारलं, "आज्जी, घरात माणसं किती?"

संजय, वैशाली, श्रेया, मी.

"चार," मी म्हटलं.

"चारच ना?"

साधा प्रश्न. बाई बोट उचलून थांबल्या होत्या, श्रेया माझ्याकडं बघत होती. आणि मला काही केल्या पटकन हो म्हणता येईना.